पुलापलीकडची शॅम्पेन

ग्लास बाळगणं हा गुन्हा नाही. याची मी तीन निरनिराळ्या माणसांकडून खातरजमा करून घेतली आहे. रिकामा ग्लास, मग तो कितीही उंच असो आणि त्याचा पाय कितीही नाजूक असो, वर्धा जिल्ह्यात उजळ माथ्याने बाळगता येतो. बाटलीचं तसं नाही. मला मिसरूड फुटायच्या आधीपासून आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. त्यामुळे ज्याला काही घ्यायचं असतं तो पुलगावच्या पुलावरून वर्धा नदी ओलांडतो आणि अमरावती जिल्ह्यात जाऊन घेतो. आमच्याकडे कुणी 'पुलापलीकडे गेलतो' म्हटलं की पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. बायकोही विचारत नाही, ती फक्त जवळ येऊन तोंडाचा वास घेते.

मी स्वतः या कामासाठी कधी पुलापलीकडे गेलो नव्हतो. एक तर माझा स्वभाव तसा नाही. दुसरं म्हणजे सरकारी कार्यालयात अधीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला चारचौघांत जी प्रतिष्ठा असते ती मला आहे, निदान माझा तसा समज होता. आणि तिसरं, सगळ्यांत महत्त्वाचं, मी आमच्या कॉलनीच्या व्यसनमुक्ती समितीचा सचिव आहे. समितीची प्रतिज्ञा मीच लिहिली आहे.

तर सुलोचना, म्हणजे माझी बायको, एका दुपारी मोबाइलवर काहीतरी पाहत बसली होती. कुठल्यातरी परदेशातल्या लग्नात एका उंच ग्लासात कुणी शॅम्पेन ओतत होतं. बुडातून बुडबुड्यांची एक बारीक रांग निघाली आणि सरळ वर चढत गेली. ती संपेचना. सुलोचनाने ते पाच वेळा पाहिलं.

"आइकता का," ती म्हणाली, "सात डिसेंबरले आपल्या लग्नाले चाळीस वर्षं होतात. मले हे पाह्यजे."

मी हसलो. नवऱ्याने हसण्यापूर्वी विचार करावा, हे मला चाळीस वर्षांतही जमलेलं नाही.

"दहाव्या वाढदिवसाले म्या कन्याकुमारी म्हणलं होतं," ती शांतपणे म्हणाली. "तुम्ही मले केळझरले नेलं. पंचविसाव्याले शिलाई मशीन म्हणलं, तं ऑफिसातून भेटलेलं भिंतीवरचं घड्याळ आणलं. मांगच्या वेळी म्हणलं, दोघंच कुठंतरी निवांत बसू, तं तुम्ही समितीची सभा घरी ठेवली. मी काही म्हणलं का? पण यावेळी बदली माल नाई चालणार. थोच ग्लास, थेच दारू, अन् थेच बुडबुडे."

केळझरच्या बाबतीत मला आजही वाटतं की माझी बाजू बरोबर होती. आमच्याच जिल्ह्यातला केळझरचा गणपती जागृत आहे आणि कन्याकुमारीला नुसता समुद्र आहे. पण बाकी दोन मुद्द्यांवर माझी बाजू जरा लंगडी होती. बाई खरं बोलत होती. चाळीस वर्षांत तिने याआधी मोजून तीन गोष्टी मागितल्या आणि मी प्रत्येक वेळी दुसरंच काहीतरी आणून वर 'हे जास्त टिकाऊ आहे' असं तिलाच समजावलं होतं. मला एकदम लाज वाटली. मी मनाशी ठरवलं की या वेळी तसूभरही फरक होऊ द्यायचा नाही, आणि होईल ते कायद्यात बसवूनच करायचं.

आमची मुलगी मयुरी पुण्याला एका मोठ्या हॉटेलात नोकरीला आहे. तिला फोन केला तर ती आधी दोन मिनिटं हसली आणि मग तिने शिकवणीच घेतली. शॅम्पेन ही फ्रान्समधल्या त्याच नावाच्या मुलखातली, बाकी सगळ्या बुडबुड्यांच्या वाइन, त्यांना शॅम्पेन म्हणायचं नाही. ग्लास तीन तऱ्हेचे. एक पसरट, जुन्या थाटाचा, त्यात बुडबुडे घडीभरात पसार होतात. दुसरा उंच आणि सडपातळ, त्यात रांग छान दिसते. तिसरा पोटाला जरा फुगीर आणि तोंडाशी निमुळता, आणि जाणकार लोक हल्ली तोच घेतात, कारण त्यात सुगंध कोंडून राहतो.

"मले वास नाई घ्यायचा, बुडबुडे पाहाचे हायेत," सुलोचना मागून म्हणाली. ग्लासाचा प्रश्न तिथेच निकालात निघाला. उंच आणि सडपातळ.

असा ग्लास पुलगावात कुठे मिळेल या शोधात मी नत्थूजींच्या भांड्यांच्या दुकानात गेलो. इथे सांगायला हवं की नत्थूजी हे आमच्या व्यसनमुक्ती समितीचे अध्यक्ष. मी म्हटलं, "काचेचा ग्लास पाहिजे. उंच. खाली पाय असलेला."

नत्थूजींनी दुकानाबाहेर डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पाय काऊन पाह्यजे?"

या प्रश्नाला सभ्य माणसाकडे उत्तर नसतं. पाणी प्यायला पाय लागत नाही. ताक प्यायला लागत नाही. मी म्हटलं, शोभेसाठी. त्यावर त्यांनी फालुद्याचा ग्लास काढला. मग स्टीलचा लस्सीचा. मग देवापुढच्या नंदादीपाची काच. शेवटी फळीवरून धूळ झटकत त्यांनी कबड्डीच्या स्पर्धेत देतात तसा एक पितळी कप खाली उतरवला आणि म्हणाले, "पाय हाय, उंच हाय, दोन्ही बाजूनं धराले कान हायेत. नावही कोरून देतो." मला मोह झाला नाही असं नाही. कप टिकाऊ होता. पण बदली माल नको म्हणून मी निघून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला गेलो तर तीन माणसांनी मला तब्येत विचारली. चौथ्याने माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की या वयात माणूस एकटा पडतो, पण मन घट्ट करावं. आणि संध्याकाळी अध्यक्षांचा निरोप आला की समितीची तातडीची सभा घ्यायची आहे. सभेची सूचना काढणं हे सचिवाचं काम, म्हणून ती मीच काढली. विषयपत्रिकेवरचा चौथा विषय मला माझ्याच हाताने लिहावा लागला: 'सचिवांच्या ग्लासाबाबत.'

सभा आमच्याच घरी झाली. पहिले तीन विषय चार मिनिटांत आटोपले. चौथ्या विषयावर अध्यक्ष गंभीरपणे म्हणाले की ग्लास ही पहिली पायरी असते. मी उठून खुलासा करणार एवढ्यात दारावरची घंटा वाजली आणि कुरिअरवाला खोका घेऊन आत आला. मयुरीने पुण्याहून ग्लास मागवून पाठवले होते. खोक्याच्या चारही बाजूंना फेसाळत्या ग्लासाची ठसठशीत रंगीत चित्रं होती. कुरिअरवाल्याने सगळ्या समितीसमोर खणखणीत आवाजात विचारलं, "प्रभाकरराव कोण? ओटीपी सांगा."

मी ओटीपी सांगितला. सहा अंकी संख्या इतक्या शांततेत मी आयुष्यात कधी उच्चारली नव्हती. इतिवृत्त लिहिणं हेही सचिवाचंच काम असल्यामुळे त्या रात्रीच्या वहीत माझ्या वळणदार अक्षरात नोंद आहे: 'सचिवांनी सचिवांना समज दिली. सचिवांनी ती ऐकून घेतली. चहापानानंतर सभा संपली.'

खोक्यात सहा ग्लास होते. त्यांतले चार वाटेत फुटले होते. दोन शाबूत होते, आणि आम्हीही दोघंच होतो, त्यामुळे मी तक्रार केली नाही. मयुरीने बजावलं की ग्लास साबणाने धुवायचे नाहीत, साबणाचा अंश राहिला तर बुडबुडे मरतात, नुसत्या गरम पाण्याने धुवा. साबणाशिवाय भांडं धुणं हा सुलोचनाला तिच्या संसाराचा अपमान वाटला. तिने साफ नकार दिला. ते दोन ग्लास मी धुतले. भांडी घासायची पाळी माझ्यावर प्रथमच आली होती आणि ते दाखवायला ती खिडकीतून शेजारच्या प्रमिलाबाईंना हाक मारते की काय अशी मला भीती वाटली.

आता प्रश्न जागेचा. बाटली जिल्ह्यात आणायची नाही, हे पक्कं. पुलापलीकडे बारमध्ये मी सुलोचनाला नेणार नव्हतो आणि उघड्या रस्त्यावर पिणं तिथेही गुन्हाच. इथे आमचे शेजारी नानाजी मदतीला धावून आले. नानाजी भूकरमापक म्हणून निवृत्त झालेले. या जिल्ह्यातल्या अर्ध्या शेतांचे बांध त्यांनी साखळीने मोजले आहेत. त्यांना दारूची सगळी माहिती आहे. कोणती कशी प्यावी, कशाबरोबर घ्यावी, किती वेळाने उतरते, हे ते सायंकाळी ओट्यावर बसून सांगतात तेव्हा मोठमोठे पिणारे गप्प होऊन ऐकतात.

"माहं वावर हाय ना पुलापलीकडं," नानाजी म्हणाले. "सासऱ्याकडून आलेलं. नदीच्या काठाले, एकदम निवांत. खाजगी जागा, अमरावती जिल्हा, कोणी काही म्हणू शकत नाई. बर्फाची बादली मी आणतो. थंड किती पाह्यजे?"

"मयुरी म्हणते, आठ-नऊ अंश."

"मंग थर्मामीटरही आणतो," ते म्हणाले. त्यांच्याकडे तापाचा होता आणि तो पस्तिसाच्या खाली उतरत नव्हता, पण त्यांच्या उत्साहापुढे मी तो मुद्दा काढला नाही.

एक काम राहिलं होतं. समितीची प्रतिज्ञा. मी ती वाचून पाहिली. सव्वीस वर्षांच्या नोकरीची सवय म्हणून मी तीत 'समितीचा पदाधिकारी असेपर्यंत' असे शब्द घातले होते. म्हणजे राजीनामा द्यायला हवा. पण एका पेल्यासाठी पद सोडणं मला बरं वाटेना. तेव्हा मी सात डिसेंबरसाठी सचिवपदावरून एक दिवसाच्या किरकोळ रजेचा रीतसर अर्ज लिहिला आणि खिशात ठेवला. अध्यक्षांना तो द्यायचा धीर मात्र सहा तारखेपर्यंत झाला नाही.

सात तारखेला सकाळी आम्ही स्कूटीवरून निघालो. सुलोचनाने लग्नातला शालू नेसायचा हट्ट धरला होता, पण स्कूटीच्या चाकाचा विचार करून ती हिरव्या साडीवर तयार झाली. टॉवेलमध्ये गुंडाळलेले ग्लास तिच्या मांडीवर. पूल ओलांडला, पुढच्या गावातलं दुकान गाठलं. तिला समोरच्या कडुलिंबाखाली उभं केलं आणि मी रांगेत लागलो.

माझ्या पुढच्या माणसाने डोक्याला आणि तोंडाला दुपट्टा असा बांधला होता की डोळे तेवढे दिसावेत. पण त्याच्या हातातल्या कापडी पिशवीवर मोठ्या अक्षरात भांड्यांच्या दुकानाचं नाव छापलेलं होतं. मी म्हटलं, "नत्थूजी?"

दुपट्टा दचकला. बराच वेळ विचार करून तो म्हणाला, "मी इथं पाहाले आलो, आपल्या गावचे कोण कोण येतात ते. समितीचं काम हाय."

"किती वर्षांपासून पाहून राहिले?" रांगेतला एक जण म्हणाला. "तुमच्यासाठी तं ते वेगळी बाटली काढून ठेवतात."

मी त्या क्षणी काहीही बोलू शकलो असतो. पण मला घाई होती आणि माणसाची फजिती पाहून मला आनंद होत नाही, निदान फार वेळ होत नाही. मी खिशातून रजेचा अर्ज काढला आणि त्यांच्यापुढे धरला. नत्थूजींनी तो दोनदा वाचला आणि 'मंजूर' लिहून सही केली. मग घसा खाकरून म्हणाले, "अध्यक्षाची रजा कोण मंजूर करते?"

"तशी तरतूद नाही," मी म्हटलं. "पण सचिव करू शकतो असं मला वाटतं."

त्याच कागदाच्या मागे मी त्यांची रजा मंजूर केली. ती किती दिवसांची, हा रकाना त्यांनी कोरा ठेवला.

माझा नंबर आला तेव्हा मी दुकानदाराला सांगितलं की मला पहिल्यांदा एक दिवसाचा परवाना द्या. आधार कार्ड, निवृत्तिवेतनाचं पुस्तक आणि दोन फोटो मी बरोबर आणले होते. दुकानदार माझ्याकडे पाहतच राहिला. परवान्याचं पुस्तक त्याने आधी गल्ल्याखाली पाहिलं, मग फ्रिजच्या मागे, मग आतल्या खोलीत जाऊन पाहिलं. मागची रांग खवळली. कुणीतरी म्हणालं, "काका, इथं लग्नाची नोंदणी नाई होत." शेवटी पुस्तक एका खोक्याखाली सापडलं. त्यावर ठेवलेल्या बाटल्यांच्या बुडांचे गोल डाग होते. माझा परवाना फाडला गेला, मी सही केली, आणि परवान्याची घडी घालून पाकिटात ठेवली. इतकं निर्धास्त मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

"आता शॅम्पेन द्या," मी म्हटलं.

त्याने आधी एक बाटली दिली ती वाढदिवसाला पोरं एकमेकांच्या अंगावर उडवतात तसली. दुसरी दिली ती नाशिककडची. "सारखीच लागते," तो म्हणाला, "अन् ही जास्त खपते." हे मी स्वतःच चाळीस वर्षं बोलत आलो होतो. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ते किती लबाड वाटतं हे मला तिथे कळलं. मी मयुरीला व्हिडिओ लावला. दुकानदाराने नाइलाजाने वरच्या फळीवरून एक धुळकट, जाड बुडाची बाटली खाली घेतली. मागच्या निवडणुकीत एका उमेदवाराने आधीच मागवून ठेवली होती आणि मग तो पडला, त्यामुळे न्यायला कुणी आलंच नाही.

"बाबा, बाटली फिरवा," मयुरी म्हणाली. "लेबल वाचा. हो, हीच. खरी आहे. पण ती उभीच ठेवली होती का? आणि दिव्याखाली?"

"उभी, अन् ट्यूबलाइटच्या बाजूले," दुकानदाराने प्रामाणिकपणे सांगितलं.

मयुरीने कपाळाला हात लावला. मग म्हणाली, "बूच सुकलं असेल तर गॅस निघून गेला असेल, बाबा. बुडबुडे येतील की नाही, उघडल्याशिवाय नाही सांगता येणार." मी ती बाटली घेतली. किंमत ऐकून माझा रक्तदाब वाढला, तो आकडा इथे देत नाही. बाहेर येताना सुलोचनाला बुडबुड्यांबद्दल काही सांगितलं नाही.

नानाजींचं वावर खरोखर छान होतं. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, फुटली होती आणि पांढरी दिसत होती. बांधावर बाभळ, खाली नदी. नानाजींनी सतरंजी अंथरली होती, बर्फाची बादली मांडली होती आणि तापाचा थर्मामीटर बर्फात खोचला होता. सुलोचना गुडघ्याला हात लावत हळूहळू बसली. बाटली तासभर बर्फात ठेवली. नानाजी तोवर शॅम्पेन कशी प्यावी हे सांगत होते. मी तारेचा फास सोडवायला घेतला एवढ्यात बांधापलीकडून आवाज आला.

"काय चाललं, नानाजी?"

शेजारच्या शेतात जिजाबाई नावाची म्हातारी कापूस वेचत होती. कमरेला ओटी बांधलेली, ओटी भरलेली. नानाजींनी मोठ्या मनाने सगळं सांगितलं. दारूबंदीचं, पुलाचं, अमरावती जिल्ह्याचं.

"पण बाप्पा, तुमचं वावर तं वर्ध्यात येते," जिजाबाई म्हणाली. "नदी पहिले इकडून वाहे. माह्या सासऱ्याच्या बापाच्या वेळी पुरात सरकली. तुमचं वावर या काठाले राहून गेलं. थो गोटा दिसते ना, तिथून माहं चालू होते. थे अमरावती."

नानाजी हसले. हयात शेतं मोजण्यात गेलेल्या माणसाचं ते हसू होतं. "सारा कारभार पोरगा पाहाते," असं म्हणत त्यांनी मोबाइलवर सातबारा उघडला. वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला आणि बाभळीकडे तोंड करून उभे राहिले. जिल्हा वर्धा, तालुका देवळी.

म्हणजे मी, समितीचा सचिव, भले रजेवर असेन, तासाभरापासून बंदी असलेल्या जिल्ह्यात बाटली घेऊन बसलो होतो. माझ्या पाकिटातला परवाना या जमिनीवर चालतो की नाही हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेल्या गोष्टीवर मी कधी सही केलेली नाही. मी बाटली उचलली आणि धावलो. सहासष्टाव्या वर्षी माणसाने पऱ्हाटीतून धावू नये. बाटली पोटाशी धरून मी गोट्यापलीकडे उडी मारली आणि जिजाबाईच्या शेतात उभा राहिलो. धापा टाकत मी म्हटलं, "नानाजी, हद्द नक्की कुठे आहे ते दाखवा."

नानाजींचा मान दुखावला होता. त्यांनी पावलं मोजली. मग दोर मागितला. मग म्हणाले, गोटा सरकलेला असू शकतो, खरी हद्द तीन फूट अलीकडे असावी, पण साखळीशिवाय सांगता येणार नाही. जिजाबाई म्हणाली की गोटा हललेला नाही, हललं असेल तर नानाजींचं डोकं. मी म्हटलं, लेखी काही आहे का. त्यात दहा मिनिटं गेली.

"झालं का?" सुलोचना सतरंजीवरून म्हणाली.

आम्ही तिघंही थांबलो. बाटली अमरावतीत होती, बायको वर्ध्यात होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पूर्वी तीन वेळा पाहिलेलं होतं. तेव्हा ते मला ओळखता आलं नव्हतं. आज आलं. ती पुन्हा एकदा मन आवरायच्या तयारीत होती. 

मी बाटली गोट्याशी ठेवली, परत गेलो, तिला हात देऊन उठवलं. सतरंजी काखेत घेतली. जिजाबाईने दोन ओळींमधली मोकळी जागा दाखवली. "बसा, पण कापूस तुडवू नका." सुलोचना बसली आणि बाटली तिने स्वतःच्या मांडीवर घेतली.

"ती हलली आहे, उडेल," मी म्हटलं.

"मयुरीनं सांगतलं मले. बूच नाई फिरवाचं, बाटली फिरवाची." तिने पदराने बूच दाबून धरलं आणि खालून बाटली हळूहळू फिरवली. कुकरची वाफ ती रोज शिटी उचलून जशी हळूहळू सोडते तसा तिने आतला गॅस सोडला. फुस्स असा एक छोटा आवाज झाला. मी डोळे मिटले होते ते उघडले.

तिने ग्लास भरला. वर फेस आला आणि बसला. मग काहीच नाही. ग्लासात पिवळसर पाणी नुसतं उभं होतं. मला रडूच येणार होतं. आणि मग बुडातून एक बुडबुडा सुटला. त्याच्यामागे दुसरा. मग एक बारीक, सरळ, न तुटणारी रांग.

सुलोचनाने ग्लास उन्हासमोर धरला. पाच मिनिटं झाली तरी ती पिईना.

"गरम होईल," नानाजी म्हणाले.

"पाहू द्या," ती म्हणाली.

दुसरा ग्लास मी पाहुण्यांचा मान म्हणून नानाजींना देऊ केला. नानाजी दोन पावलं मागे सरले. आपण आयुष्यात कधीच काही घेतलं नाही, आपल्याला भीती वाटते, असं ते जमिनीकडे पाहत म्हणाले. मग बर्फाची बादली आणि थर्मामीटर घेऊन निघूनही गेले. जिजाबाईने घोटभर चाखून पाहिली, आंबट आहे म्हणाली आणि ओटी सावरत पलीकडच्या ओळीला लागली.

मला ती कशी लागली हे विचाराल तर कैरीचं पाणी कुणी रागाने ढवळावं तशी. सुलोचनाला मात्र फार आवडली. पहिला ग्लास तिने पाहण्यात घालवला, दुसरा पिण्यात, तिसरा हसण्यात. ती कशाला हसत होती कुणास ठाऊक. बहुतेक माझ्या उडीला. या स्थितीत गाडी चालवणं शक्य नव्हतं, पुलावरून जाणं तर त्याहून नव्हतं. पूर्ण उतरेपर्यंत इथून हलायचं नाही असं मी जाहीर केलं. मग आम्ही बसलो. दुसरं काही करायला नव्हतं.

"एक सांगू?" थोड्या वेळाने ती म्हणाली. "रागावसान नाई ना? चौऱ्याण्णव साली तुम्ही तळेगावले होते. सोमवारी यष्टीनं जाचे, शनवारी याचे. स्कूटर घरी झाकून राहे. म्या ते शिकली."

"कुणी शिकवली?"

"कोणीच नाई. दोनदा पडली. न्हाणीत घसरली म्हणून सांगतलं तुम्हाले."

"पण मी मीटर लिहून ठेवत होतो."

"मीटरची वायर काढून ठेवो मी."

मी आठवू लागलो. त्या वर्षी स्कूटर पेट्रोल भयंकर पीत होती. टाकी गळते असा माझा संशय होता. तीन मेकॅनिक बदलले होते. शेवटी कंपनीला चार पानी लेखी तक्रार केली होती. तेही तिला सांगितलं.

"माहीत हाय. थे पत्र म्याच पोस्टात टाकलं."

माझ्या स्वाभिमानाला जे व्हायचं ते झालं. थोड्या वेळाने मी विचारलं, "जायचीस कुठे?"

"पहिले नाचणगावपर्यंत. मंग पुलावर. अर्ध्या पुलाले थांबो, पाणी पाहो, अन् वापस."

"पुढे का नाही?"

"पुढं तुमच्यासंगं जाचं होतं. म्हणलं, एका रविवारी सांगीन, अन् मांगं बसवून नेईन तुम्हाले. दिवसही पाहून ठेवला होता." तिने ग्लास पदराने पुसला. "त्याच्या आधीच्या शनवारी तुम्ही स्कूटर विकली. पेट्रोल लय पिते म्हणून."

मला फार वाईट वाटलं. केळझरचं, घड्याळाचं, सभेचं मी आजवर काहीतरी समर्थन शोधून ठेवलं होतं. याचं नव्हतं. तिने काही मागितलंच नव्हतं आणि तरी मी ते विकून आलो होतो.

पाच वाजता ऊन कललं. कापूस वेचणाऱ्या बाया घरी निघाल्या. सुलोचनाने मला डोळे मिटून नाकाला बोट लावायला सांगितलं, स्वतः लावून दाखवलं, एका ओळीत सरळ चालून दाखवलं. मी किल्ली काढली आणि तिच्या हातात दिली. आणि जन्मभराच्या सवयीने तोंडातून गेलंच, "लायसन?"

तिने पर्समधून काढून दाखवलं. फोटो नवीन होता. "मांगच्या वर्षी काढलं. मयुरीनं फार्म भरला."

मी मागे बसलो, ग्लासांचं टॉवेलमधलं गाठोडं मांडीवर घेऊन. आधी तिच्या खांद्याला धरावं की सीटला, हे ठरेना. शेवटी खांद्याला धरलं. ती बैलगाडीच्या वाटेने हळू, मग डांबरी रस्त्यावर बेताने आणि मग चांगली चालवत निघाली. पूल आला. समोर वर्धा जिल्ह्याची पाटी होती, खाली पाणी संथ होतं. पूल निम्मा सरला तेव्हा, ती इथेच थांबून पाणी पाहायची म्हणून, मी उतरायच्या तयारीत बसलो.

तिने गाडी थांबवली नाही.